हायस्कूलमधील मुलाची उदासी : खानदेशातील एक दुर्लक्षित इतिहास

१/२५
दहावीचा निकाल लागला की एक-दोन दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी बातमी येते. मुलाचे वय पंधरा-सोळा, गावाचे नाव आणि ‘नापास झाल्याच्या नैराश्यातून’ हे तीन शब्द. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. पण हायस्कूलमधील मुलगा खरोखर एका निकालाने खचतो का? या प्रश्नाला वैद्यकाप्रमाणे इतिहासाकडेही उत्तर आहे. त्या उत्तराचा मोठा भाग पाचोरा, अमळनेर, धुळे या खानदेशी पट्ट्यात सापडतो. #थ्रेड

२/२५
प्रथम आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या अधिक. त्याच वर्षी अठरा वर्षांखालील अशा १०,७३२ मृत्यूंपैकी ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण ८६४ ठिकाणी नोंदले गेले, तर ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण ३,२३३ ठिकाणी. म्हणजे बातमीत जे कारण सर्वांत ठळक दिसते, ते नोंदीत सर्वांत मोठे नाही.

३/२५
येथे साधनाचीही परीक्षा केली पाहिजे. अशा नोंदीत एका मृत्यूसमोर एक कारण लिहिले जाते. घरचे कर्ज, वडिलांचे व्यसन, वर्गातील मानहानी आणि कमी गुण हे सारे एकाच मुलाच्या वाट्याला आलेले असले, तरी रकाना एकदाच भरतो. शिवाय हे आकडे केवळ गेलेल्यांचे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. त्यांतले बहुतेक जण रोज शाळेत जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

४/२५
चार दिवस मन न लागणे म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खिन्नता टिकते, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, झोप, भूक आणि अभ्यास बिघडतो, स्वतःविषयी तिटकारा वाटू लागतो, तेव्हा त्याला आजार म्हणतात. त्याच्या मुळाशी आनुवंशिकता असते, शरीरातील बदल असतात. मात्र असा मुलगा कोणत्या परिस्थितीत वाढतो, त्याच्यावर कोणते ओझे असते आणि त्याला आधार कोणाचा असतो, हे समाज ठरवतो. समाजाने ते कसे ठरवले, हा इतिहासाचा विषय आहे.

५/२५
सुरुवात ‘हायस्कूलमधील मुलगा’ या कल्पनेपासून करावी लागते, कारण ती फार जुनी नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, तेव्हा पंधरा वर्षांचा मुलगा शेतात, मागावर किंवा पेढीवर बापाच्या हाताखाली काम करत असे. पंतोजीच्या शाळेत गेला असलाच, तर लिहिणे आणि हिशेब शिकून केव्हाच बाहेर पडलेला असे. त्याचे कष्ट कमी नव्हते. पण त्याची किंमत एका दिवसात, एका कागदावर ठरत नव्हती.

६/२५
१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. सव्वाशेहून अधिक उमेदवार बसले. जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. पुढे हीच परीक्षा ‘मॅट्रिक’ म्हणून घरोघर पोचली. सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी या साऱ्यांचा दरवाजा तोच, आणि त्यासमोर भिंत परक्या भाषेची. ‘मॅट्रिक नापास’ ही तर पुढे जन्मभर चिकटणारी ओळखच झाली. बहुतेक मुली या शिक्षणाबाहेरच ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे घराण्याच्या आशेचे सारे वजन मुलग्यावर आले.

७/२५
खानदेशात हे वजन कापसाच्या वाटेने आले. १८६० च्या दशकात पाचोऱ्यावरून जाणारा लोहमार्ग भुसावळपर्यंत पोचला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव कडाडले आणि युद्ध संपताच कोसळले. तेव्हापासून खानदेशी शेतकऱ्याचे घर दूरच्या बाजाराशी बांधले गेले. या चढउतारातून सावरलेल्या व्यापारी भांडवलातून जळगाव, अमळनेर, धुळे येथे पेठा आणि गिरण्या वाढल्या. पुढे त्याच पैशातून शाळा उभ्या राहिल्या. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ हे त्यांतले अग्रगण्य नाव.

८/२५
शाळा तालुक्याला आणि मुलगे खेड्यात, ही खानदेशाची जुनी अडचण. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास पाचोरा–जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. शेंदुर्णी, पहूर अशा गावांना जोडणारी सुमारे ५६ किलोमीटरची ही ‘पीजे’ शंभर वर्षे धावली आणि २०२० मध्ये थांबली. गाडी असो वा पायवाट, खेड्यातल्या मुलाला शिक्षणासाठी घर सोडावे लागे. कोणी रोज ये-जा करी, कोणी खोली घेई, कोणी नातेवाइकाकडे आश्रित म्हणून राही. आश्रित मुलगा जेवताना दुसरी भाकरी मागत नाही, हे त्या पिढ्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

९/२५
गरीब ब्राह्मण मुलांसाठी वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची सोय होती. पोट भरे, पण सात दिवस सात घरांचे उंबरे चढताना मान खाली जाई. इतर जातींच्या मुलांना तीही सोय नव्हती. म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची चळवळ उभारली आणि १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग उघडले. वसतिगृह म्हणजे केवळ छप्पर नव्हे, मुलाचा स्वाभिमान टिकवण्याची ती व्यवस्था आहे, हे या दोघांनी ओळखले होते.

१०/२५
काही मुलांच्या वाट्याला याहून कठोर एकटेपणा आला. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर वेगळे बसत. बसण्यासाठीचे गोणपाट घरून आणत आणि घरी परत नेत. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तर पाणी मिळे, नसेल तर नाही. पुढे त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले. रोजची मानहानी मुलाच्या मनाला पोखरते, हे आज संशोधन सांगते. परंतु त्या काळात अशा मुलाच्या मनाची विचारपूस शाळेच्या कोणत्याही दप्तरात नव्हती.

११/२५
त्याच काळात खानदेशातील एका मुलाच्या खिन्नतेला मात्र मान मिळाला. धरणगावी १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे याने १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. तेथेच तो ‘बालकवी’ झाला. निसर्गाच्या आनंदाइतकीच, कारण न सापडणारी उदासीही त्याच्या कवितेत आहे. इतक्या वर्षांनंतर त्याला आजाराचे नाव देणे उचित नव्हे. मात्र एक विसंगती नोंदवली पाहिजे. उदासीला कवितेत जागा मिळाली, वर्गात मिळाली नाही.

१२/२५
वर्गात ती जागा करून देणारा माणूस खानदेशाला कोकणातून मिळाला. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण कर्जात बुडालेले. राहत्या घरावरही जप्ती आली. ‘श्यामची आई’मुळे त्यांचे बालपण सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’ कमी वाचली जातात. हायस्कूलमधील एका गरीब मुलाच्या मनःस्थितीचे मराठीतील ते मोलाचे साधन आहे.

१३/२५
पालगडहून दापोली, दापोलीहून औंध, औंधात प्लेग आला म्हणून पुणे, अशी त्यांची शाळा फिरत राहिली. औंधला ते गेले, कारण त्या संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होत असे. उपासमार, परक्या गावातील संकोच, घरी पैसे मागण्याची लाज आणि ‘आपण शिकलो नाही तर घर बुडेल’ हा घोर, हे सारे त्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या वयात सोसले.

१४/२५
नोव्हेंबर १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा ते पुण्यात शिकत होते. तिच्या अखेरच्या क्षणी त्यांना पोचता आले नाही. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, ते मॅट्रिक झाले. पोलिसी रकान्याच्या भाषेत सांगायचे, तर या एका मुलाच्या आयुष्यात स्थलांतर, दारिद्र्य, कर्ज, साथ, मातृवियोग आणि परीक्षा ही सहा कारणे एकत्र होती. तो उत्तीर्ण झाला, म्हणून त्यांतले एकही कारण कोठे नोंदले गेले नाही. उत्तीर्ण होणाऱ्या मुलाचे दुःख व्यवस्थेला दिसत नाही. हेही जुने आहे आणि आजही तसेच आहे.

१५/२५
एम. ए. होऊन साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. लवकरच त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घर सुटलेली मुले तेथे राहत. पाचोऱ्यापासून अमळनेर फार दूर नाही. या साऱ्या मुलुखातील मुलांचे प्रश्न एकच होते. साने यांनी मानसशास्त्राचा कोणताही अभ्यासक्रम केलेला नव्हता. आपण सोळाव्या वर्षी काय भोगले, ते त्यांच्या लक्षात होते; तेवढ्यावर त्यांनी काम सुरू केले.

१६/२५
ते काय करीत, याच्या आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त अंथरुणे घडी करून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत, मळके कपडे धूत. कोणी आजारी पडला की उशाशी बसत. मुलांना संकोच वाटू लागला आणि ती स्वतःच ही कामे करू लागली. शिक्षेपेक्षा हे प्रभावी ठरले, एवढेच आपण सहसा सांगतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रत्येक मुलाच्या खोलीत रोज एक प्रौढ माणूस जाऊन येत होता. कोणाचा डबा तसाच राहिला, कोणाची उशी ओली आहे, हे अशा माणसालाच कळू शकते.

१७/२५
दुसरे साधन कागदाचे. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहीत. जगातील घडामोडी, गोष्टी, थोरांची चरित्रे आणि मुलांशी हितगूज त्यात असे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. घरापासून तुटलेल्या मुलाला सकाळी उठल्यावर आपल्यासाठी कोणीतरी काही लिहिले आहे हे दिसावे, याचे मोल एरवीही मोठे असते. एकटेपणात तर ते औषधासारखे असते.

१८/२५
तिसरी गोष्ट त्यांच्यावरील टीकेतूनच समजते. साने गुरुजी हळवे, त्यांचे साहित्य अश्रूंनी भिजलेले, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. वाङ्मयीन दृष्टीने त्यावर वाद होऊ शकतो. पण पंधरा वर्षांच्या मुलग्याच्या बाजूने पाहावे. ‘मुलगी आहेस का रडायला?’ हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. त्याच्यासमोर एक पुरुष, तोही हायस्कूलचा शिक्षक, डोळ्यांतले पाणी न लपवता उभा राहतो. दुःख बोलून दाखवणे हा कमकुवतपणा नव्हे, हा धडा त्या मुलांना पुस्तकाशिवाय मिळत होता.

१९/२५
या कामाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्या काळी हायस्कूलपर्यंत पोचणारी मुले थोडी होती. भूमिहीन, दलित, आदिवासी घरांतील तर अगदीच विरळा. शिवाय सारी व्यवस्था एका माणसाच्या जिव्हाळ्यावर उभी होती. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची हाक आली, गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते तुरुंगात गेले. शिक्षकाने मुलाच्या मनाची विचारपूस करावी, असा नियम मागे राहिला नाही. राहिल्या त्या आठवणी.

२०/२५
१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ आहे. हातातून धनुष्य गळालेल्या योद्ध्याला आधी बोलू दिले जाते. उत्तर नंतर येते. विषादाला ‘योग’ म्हणणारी ही परंपरा असतानाही, आपल्या शाळांनी खचलेल्या मुलाला ‘आळशी’ आणि ‘वाया गेलेला’ हीच विशेषणे दिली. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली.

२१/२५
११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचे आयुष्य संपवले. असंख्य मुलांना जगण्याचे बळ देणारा माणूस असा गेला, हे महाराष्ट्राला आजही बोलून दाखवणे जड जाते. स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, गांधीहत्येचा धक्का, जुनी खिन्नता अशी कारणे सांगितली जातात. पण त्यांतले एकच निवडणे म्हणजे पुन्हा तोच एक रकाना भरणे. एवढे मात्र म्हणता येते की, इतरांची विचारपूस करणाऱ्यालाही विचारपूस लागते. आणि प्रेम कितीही असले, तरी केवळ त्यावर ही लढाई सोडून देता येत नाही.

२२/२५
जगातही ही जाण सावकाशच आली. १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खेम याने दाखवले की, आत्महत्येचा संबंध माणसाच्या सामाजिक बंधांशी असतो. १९१० मध्ये व्हिएन्नातील मनोविश्लेषकांनी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर खास चर्चा घेतली. शाळेने मुलाला केवळ मरणाकडे ढकलू नये एवढे पुरेसे नाही, तिने त्याला जगण्याची ओढ लावली पाहिजे, असे फ्रॉइडने तेथे मांडले. तरीही लहान वयात खरे नैराश्य येऊच शकत नाही, असे अनेक तज्ज्ञ मानत राहिले. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत युरोपातील बालमनोविकारतज्ज्ञांनी ते येते हे ठामपणे मान्य केले. किशोरवयात ते खिन्नतेऐवजी चिडचिडीच्या रूपानेही दिसते, हे आता निदानाच्या निकषांतच आहे. म्हणजे वर्गात उद्धट ठरलेल्या, मारामाऱ्या करणाऱ्या कित्येक मुलांचा आजार पिढ्यान्‌पिढ्या छडीने हाताळला गेला.

२३/२५
महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली, १९६६ मध्ये राज्य मंडळ आले आणि १९७५ पासून ती परीक्षा दहावीला होऊ लागली. म्हणजे निर्णायक परीक्षेचे वय एका वर्षाने आणखी खाली आले. २०१० च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी राज्य हादरले. त्यानंतर उत्कृष्ट पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली, २०१५ मध्ये नापासांसाठी जुलैतच फेरपरीक्षा आली, पुढे गुणपत्रिकेवरील ‘अनुत्तीर्ण’ हा शेराही गेला. या सुधारणा मोलाच्या आहेत. मात्र त्या सर्व परीक्षेपुरत्या आहेत. घर सुटणे, घरचे कर्ज, मानहानी आणि मुलग्यावर लादलेले मौन ही कारणे परीक्षा मंडळाच्या कक्षेत येतच नाहीत.

२४/२५
आजच्या पाचोऱ्यात हे सारे थर एकावर एक आहेत. कापसाचा भाव अजूनही दूर कोठेतरी ठरतो आणि त्याचा ताण संध्याकाळी घरात उतरतो. खेड्यातला मुलगा अजूनही तालुक्याला येतो. फरक इतकाच की आता शाळेबरोबर खासगी क्लासची फीही भरायची असते. जमीन तुकड्यांत वाटली गेली, नोकरी अनिश्चित, म्हणून ‘तूच काय ते कर’ हे वाक्य अधिक धारदार झाले आहे. त्यात मोबाइलची भर पडली. दुसऱ्याचे यश चोवीस तास समोर आणि स्वतःची भीती सांगायला कोणी नाही. माधुकरी गेली, पण मागण्याची लाज तीच राहिली.

२५/२५
काही साधने आज आहेत, जी १९२४ मध्ये नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आणि मदत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते. क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तथापि क्रमांक फिरवण्याआधीची पायरी अमळनेरच्या छात्रालयातलीच आहे. शांत झालेल्या, चिडचिड्या झालेल्या, मैदानावर यायचा थांबलेल्या मुलाकडे जाऊन ‘गुण किती?’ याऐवजी ‘जेवलास का? झोप लागते का?’ असे विचारणे. हे शिक्षक विचारू शकतो, वडील विचारू शकतात, आणि शेजारच्या बाकावरचा मित्रही विचारू शकतो.